एका काउंटरच्या दोन खिडक्या : केनियातला खेड्यातला दुकानदार आणि फोनमधला पैसा

स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात आणि पैशाला ‘पेसा’. हिंदी महासागरातल्या जुन्या व्यापाराबरोबर हे शब्द तिकडच्या किनाऱ्याला लागले असावेत. मराठी माणसाला तरी त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. ‘एम-पेसा’तला ‘एम’ मोबाइलचा. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायची ही सोय केनियात मार्च २००७मध्ये सुरू झाली, आणि आज त्या देशातले तीन कोटींहून जास्त लोक ती वापरतात.

या यशावर भरपूर लिहून झाले आहे. मला कुतूहल आहे ते त्यातल्या एका विसंगतीचे. खेड्यातला दुकानदार एम-पेसाचा एजंट, म्हणजे फोनमधले पैसे नोटांत आणि नोटा फोनमध्ये बदलून देणारा, व्हायला चटकन तयार झाला. पण स्वतःच्याच दुकानातले पीठ, साबण, तेल विकताना फोनवरून पैसे घ्यायला तो कितीतरी वर्षे नाखूश राहिला, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही आहे. तंत्र त्याला येत होते. दिवसभर तो तेच करत होता. फोन त्याच्या हातात होता, ग्राहकाच्याही हातात होता. मग अडले कुठे?

एक दुपार

समजा, पश्चिम केनियातले एक बाजारगाव. तिथले हे दुकान मी नमुन्यादाखल उभे केले आहे, ते कोणा एका माणसाचे नाही. पत्र्याचे छत. भिंतीला ही सेवा चालवणाऱ्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीचा हिरवा रंग आणि त्यावर ठळक अक्षरांत एजंट क्रमांक. काउंटरवर लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी फट. आत मक्याच्या पिठाच्या पिशव्या, साबणाच्या लांब वड्या, ज्या कापून तुकड्यावर विकायच्या, तेलाच्या पुड्या, काड्यापेट्या. काउंटरच्या एका कोपऱ्यात मात्र विकायचे काही नाही. तिथे एक जुना फोन, रेघा मारलेली जाड वही, दोरीने बांधलेले पेन, आणि खाली कुलपाचा खण.

एक बाई येते. नवऱ्याने नैरोबीहून १,००० शिलिंग पाठवले आहेत. ती फोनवर एजंट क्रमांक, रक्कम आणि चार आकडी पिन घालते. काही सेकंदांत दोन्ही फोन वाजतात. तिच्याकडे पैसे गेल्याचा मेसेज, दुकानदाराकडे आल्याचा. दुकानदार ओळखपत्र बघतो, वहीत तारीख, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, फोन नंबर, ओळखपत्राचा नंबर उतरवतो, तिची सही घेतो आणि खणातून नोटा मोजून देतो. पैसे काढल्याचा आकार तिच्या खात्यातून कापला जातो : २०२३च्या करवाढीनंतरच्या दरपत्रकात २९ शिलिंग.

बाई हलत नाही. उभ्या उभ्या ती दोन किलो पीठ, साबणाचा तुकडा आणि तेल घेते आणि आत्ताच मिळालेल्या नोटांतल्या काही जाळीतून परत आत सारते. ज्या खणातून नोटा निघाल्या त्याच खणात त्या पडतात. काउंटर ओलांडून परत यायला त्यांनी २९ शिलिंग खाल्ले.

तिने थेट फोनवरून दुकानदाराचे पैसे चुकते केले असते तर? दुकानदाराकडे व्यापारी क्रमांक, म्हणजे ‘टिल’, असेल तर ग्राहकाला काही पडत नाही. दुकानदाराला विक्रीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास द्यावे लागते, आणि २०० शिलिंगपर्यंतच्या विक्रीवर तेही नाही. दोघांची बेरीज केली तर फोन उघडउघड स्वस्त. पण दोघांची बेरीज करायला बाजारात कोणी बसलेले नसते. जो तो आपापला हिशेब बघतो.

बाईचा हिशेब असा. गिरणीवाल्याला दळणाचे द्यायचेत, भाजीवालीला द्यायचेत, घरी सोडणाऱ्या मोटारसायकलवाल्याला द्यायचेत. हे सगळे नोटा मागणार. म्हणजे थोडे तरी पैसे काढावेच लागणार. आणि आकार कसा आहे बघा : १०१पासून २,५०० शिलिंगपर्यंत कितीही काढा, २९च. मग निम्मे काढून निम्मे फोनमध्ये ठेवण्यात काय शहाणपण? ती सगळे एकदम काढते. आणि एकदा नोटा हातात आल्या की त्या नोटांनीच खरेदी होणार.

दुकानदाराचा हिशेब जास्त गमतीचा आहे. तो समजायला थोडे मागे जावे लागेल.

कर्जफेडीसाठी केले, पैसे पाठवायला वापरले

एम-पेसा मुळात दुकानांसाठी नव्हतेच, आणि पैसे पाठवण्यासाठीही नव्हते. व्होडाफोनमधले निक ह्यूज आणि सुझी लोनी यांनी ते सूक्ष्मकर्जांची परतफेड सोपी व्हावी म्हणून आखले. ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास विभागाने जवळपास १० लाख पौंडांचा निधी दिला. ऑक्टोबर २००५मध्ये नैरोबी आणि थिका परिसरात चाचणी सुरू झाली : आठ एजंट दुकाने, पाचशेच्या आसपास ग्राहक, आणि सोबतीला फाउलु ही सूक्ष्मवित्त संस्था.

कर्जफेडीचा भाग रखडला. फाउलुचे कर्ज गटाला मिळे आणि गट दर आठवड्याला भेटून हप्ते जमा करी. हप्ता फोनवरून भरता येतो म्हटल्यावर भेटायला यायचे कशाला, हा प्रश्न सभासदांना पडला आणि गटाची वीणच उसवायला लागली. संस्थेच्या जुन्या हिशेबपद्धतीशी नव्या नोंदींचा मेळ बसेना, ते वेगळेच.

लोकांनी मात्र हातात आलेल्या साधनाचा आपल्याला हवा तसा उपयोग केला. व्यापारी एकमेकांचे देणे त्यावरून फेडू लागले. बँक लवकर बंद होते आणि एजंटाचे दुकान उशिरापर्यंत उघडे असते, म्हणून काहीजण दिवसाची कमाई रात्रीपुरती फोनमध्ये ठेवू लागले. काहीजण प्रवासाआधी एका गावात रोकड भरत आणि दुसऱ्या गावी पोचल्यावर काढून घेत. वाटेत लुटणाऱ्याच्या हाती काही लागू नये म्हणून. यातला एकही उपयोग आराखड्यात नव्हता, आणि तिन्ही धंदेवाल्यांच्या गरजेतून आलेले होते. कंपनीने या सगळ्यातून एकच धागा उचलला, ‘घरी पैसे पाठवा’, आणि ६ मार्च २००७ला त्याच घोषणेवर सेवा देशभर सुरू केली. निवड बरोबर होती. शहरात कमावणारा आणि गावी खाणारे कुटुंब, हे तिथले रोजचे वास्तव आहे.

नियमनाचा भाग लवकर उरकतो. केंद्रीय बँकेने आडकाठी केली नाही. ग्राहकांचा सगळा पैसा कंपनीच्या धंद्यापासून वेगळा, विश्वस्त खात्यात बँकेत राहील ही अट मात्र होती. २००८च्या अखेरीस या सेवेच्या तपासणीची मागणी झाली, तिच्यामागे बँकांचे दडपण होते. तपासणी झाली आणि काही आक्षेपार्ह निघाले नाही. तोवर एम-पेसा थांबवणे कोणाच्या हातात उरलेही नव्हते.

खण रिकामा, फोन भरलेला

आता एजंट. खेड्यातल्या दुकानदाराला एजंट होण्यात दोन लाभ दिसले. प्रत्येक व्यवहारावर दलाली, आणि पैसे काढायला आलेला माणूस काहीतरी घेऊनच जातो, म्हणजे गिऱ्हाईक वाढते. भांडवल लागते ते दोन रूपांत : थोडे फोनमध्ये, थोडे नोटांत. कोणी रोकड भरायला आले की नोटा वाढतात आणि फोनमधले घटतात. कोणी काढायला आले की उलटे. दोन्ही पारडी सांभाळत राहायचे.

शहरात भरणारे जास्त, खेड्यात काढणारे जास्त. शहरातल्या एजंटाकडे नोटांचा ढीग होतो आणि फोन रिता. खेड्यातल्याचा फोन भरलेला आणि खण रिकामा. महिनाअखेरीला, नाताळच्या तोंडावर, शाळा उघडताना तर दुपारपर्यंत खण तळाला जातो. मग दुकान घरच्या कोणाच्या हवाली करून त्याने मटाटूत, म्हणजे तिकडच्या मिनीबसमध्ये, बसायचे, तालुक्यासारख्या एखाद्या मोठ्या गावी बँकेत जायचे, फोनमधले पैसे नोटांत बदलून घ्यायचे आणि अंगावर लपवून परत यायचे. भाडे गेले, अर्धा दिवस गेला, आणि वाटेतली धाकधूक निराळी. ‘आज रोकड नाही, उद्या या’ असे दोनतीनदा सांगितले की गिऱ्हाईक पुढच्या बाजारगावी जायला लागते, आणि पीठसाबणही तिथूनच आणते.

ही फेरी टाळायचा एकच स्वस्त उपाय त्याच्याकडे आहे. दुकानातली रोख विक्री. सकाळपासून साबणाचे, तेलाचे, काड्यापेट्यांचे जे सुटे पैसे गल्ल्यात पडतात तेच दुपारी पैसे काढायला आलेल्या माणसाला द्यायचे. एक खिडकी दुसरीला पोसते.

अशा माणसाला तुम्ही सांगता, साबणाचे पैसेही फोनवर घे. म्हणजे ज्याचा त्याच्याकडे सुकाळ आहे ते आणखी घे, आणि ज्याचा दुष्काळ आहे ते सोड. तो हसून मान डोलावतो, टिल क्रमांकाचा फलक भिंतीला लावूनही घेतो. पण गिऱ्हाईकाने फोन बाहेर काढला की विचारतो, नोटा नाहीत का? पाहणी करणाऱ्याच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘स्वीकारले’ अशी खूण पडलेली असते. फलक लावणे आणि वापरणे यांत केवढे अंतर असते, ते या खुणेत कधीच दिसत नाही.

फोनमधला पैसा बाहेर कसा काढायचा

जून २०१३मध्ये सफारीकॉमने ‘लिपा ना एम-पेसा’ आणले. अर्थ साधा : एम-पेसाने पैसे द्या. व्यापाऱ्याला स्वतंत्र क्रमांक, ग्राहकाला आकार नाही, व्यापाऱ्याकडून टक्केवारी. सुरुवातीचा दर छोट्या दुकानदाराला जड होता. किराण्यात सुटणारा नफा पाहता टक्का-दीड टक्का ही चेष्टा नव्हती. पुढे दर उतरत अर्ध्या टक्क्यावर आला आणि तेव्हा कुठे टिल फोफावले. मार्च २०२३च्या सुमारास वापरात असलेल्या व्यापाऱ्यांची संख्या ६ लाखांच्या पुढे गेली होती.

दर उतरल्यावर वापर वाढला, इथवर सरळ आहे. पण दर ही अडचणीची एकच बाजू. दुसरी बाजू मामा म्बोगाच्या टोपलीत दिसते. मामा म्बोगा म्हणजे भाजीवाली. ‘म्बोगा’ म्हणजे भाजी. ती एजंट नाही, तिच्याकडे टिलही नाही. गिऱ्हाईक तिच्या स्वतःच्या नंबरावर पैसे पाठवते. १०० शिलिंगपर्यंत पाठवणाऱ्याला काही पडत नाही, त्यामुळे टोमॅटो-पालेभाजीचे पन्नास-साठ शिलिंग फोनवर सहज येतात. संध्याकाळी तिच्या फोनमध्ये समजा ८०० शिलिंग जमले. पहाटे तिला माल घ्यायला जायचे आहे. शेतकरी नोटा मागतो. म्हणजे ८०० काढा, २९ द्या. साडेतीन टक्क्यांहून जास्त गेले, तेही येणाऱ्या पैशावर नाही, तो खर्चण्याजोगा करून घेण्यावर. दिवसाच्या नफ्यातले २९ शिलिंग म्हणजे एका जेवणाचा बराचसा भाग.

अहवालांत याला ‘जागरूकतेचा अभाव’ असे नाव मिळते. मला या शब्दांची चीड आहे. दरपत्रकातला कोणता टप्पा कुठे संपतो हे त्या बाईला अहवाल लिहिणाऱ्यापेक्षा पक्के पाठ असते. ९० शिलिंग मागायचे की ११० हे तिला रोज ठरवावे लागते.

म्हणजे फोनवर पैसे घ्यायचे की नाही हे गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात ठरतच नाही. ते ठरते दुकानदार आणि त्याला माल देणारा यांच्यात. पुढचा माणूस फोनवर पैसे घेत असेल तर आपल्या फोनमधला पैसा पैसाच राहतो. घेत नसेल तर तो आधी नोटांत वटवावा लागणारा कागद होतो, आणि वटवायला दस्तुरी पडते. ग्रामीण केनियात मोबाइलचे पैसे गिऱ्हाईकाकडून दुकानदारापर्यंत आले खरे. पण तिथून पुढे ते सरकले नाहीत.

पुढे सरकायचे काही रस्ते हळूहळू झाले. त्यातला मला सर्वांत रंजक वाटतो तो सौरदिव्याचा. २०१२मध्ये एम-कोपा नावाची कंपनी आली. तिच्या संस्थापकांत निक ह्यूज होते. तेच, थिकाच्या चाचणीमागचे. सौरपट्टी, दिवे आणि फोन चार्जिंगची सोय असलेला संच थोडे आगाऊ पैसे घेऊन घरी द्यायचा आणि उरलेले रोज ५० शिलिंगच्या आसपास एम-पेसावरून भरून घ्यायचे. हप्ता चुकला की संच दूरूनच बंद. दुकानदारासाठी याचा अर्थ असा की फोनमधले ५० शिलिंग न काढताही कामाला आले. वर, पूर्वी फोन चार्ज करायला दुसऱ्याकडे पैसे मोजावे लागत, ते वाचले. आता तोच इतरांचे फोन चार्ज करून दोन पैसे कमवू लागला. वीजबिलाचे टोकन, शाळेची फी, बियाणे-खतांच्या दुकानाचे देणे असे रस्ते जिथे जिथे फोनवर आले, तिथे तिथे नोटा काढायची निकड तेवढ्यापुरती कमी झाली. मालाच्या पुरवठादारांचे रस्ते सर्वांत उशिरा आले, आणि तेही आधी साबण, थंड पेये अशा बड्या कंपन्यांच्या वितरकांकडून. सुटा मका विकणारा शेतकरी अजून नोटाच मागतो.

टिल नव्हते तेव्हा काय झाले

इथे उलट बाजूचा एक पुरावा मांडायला हवा, कारण तो माझ्या म्हणण्याला थोडी खीळ घालतो आणि थोडा आधारही देतो. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २००८ ते २०१४ या काळात केनियातल्या सुमारे १,६०० कुटुंबांना पुन्हा पुन्हा भेटून माहिती घेतली. डिसेंबर २०१६मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला : एम-पेसामुळे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे देशातली सुमारे २ टक्के, गरिबीतून वर आली. आणि १,८५,००० स्त्रियांनी शेतीतले काम मागे ठेवून छोटा व्यापारधंदा हा मुख्य व्यवसाय केला.

दुसरा आकडा आपल्या विषयाचा आहे. एवढ्या स्त्रिया धंद्यात आल्या त्या फोनवर पैसे घेता येऊ लागले म्हणून आल्या का? या अभ्यासाने मोजले होते घराजवळ एजंट किती वाढले ते. टिलचा त्यात संबंध नव्हता. त्यातल्या बऱ्याच वर्षांत टिल अस्तित्वातच नव्हते. माझा अर्थ असा : हाती येणारा पैसा भरवशाचा झाला, अडीअडचणीला लांबच्या नातलगाकडून दोन तासांत मदत येऊ लागली, चार पैसे घरातल्या इतरांच्या नजरेआड ठेवता येऊ लागले, आणि त्या आधारावर बाईने टोपली डोक्यावर घेतली. गिऱ्हाईकाकडून मात्र ती नोटाच घेत राहिली. छोट्या धंद्याला मोबाइलच्या पैशाचा फायदा व्हायला त्याने मोबाइलवर विक्री करायलाच हवी असे नाही, हे धोरणे आखणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

नजरेआड ठेवण्याचे प्रकरण दोन्हीकडून कापते. ओल्गा मोरावचिन्स्की यांनी सुरुवातीच्या वर्षांत नैरोबीची किबेरा वस्ती आणि पश्चिमेकडचे बुकुरा हे गाव, अशा दोन्ही टोकांना राहून पाहणी केली. गावाकडच्या बायकांच्या हाती पूर्वीपेक्षा जास्त पैसा येत होता, थोडा थोडा पण वरचेवर. आणि त्याच बायका कुरकुरतही होत्या : पैसे फोनवर येतात, म्हणून नवरा आता गावी येईनासा झाला.

आकार उठला, मग परत बसला

केनियात कोविडचा पहिला रुग्ण मार्च २०२०मध्ये सापडला आणि काही दिवसांतच, १६ मार्चला, १,००० शिलिंगपर्यंत पैसे पाठवण्यावरचा आकार रद्द झाला. नोटा हाताळू नका, फोन वापरा. ही सवलत वाढत वाढत वर्षअखेरपर्यंत चालली. अभ्यासकाला एरवी न मिळणारी संधी ही : बाकी सगळे तेच, फक्त आकार शून्य.

छोट्या रकमांचे व्यवहार भराभर वाढले, आणि लाखो नवे लोक मोबाइलच्या पैशाकडे वळले. ज्यांना ‘जागरूकता’ नव्हती त्यांना ती काही आठवड्यांत आली म्हणायची. यात साथीच्या भीतीचा वाटा किती आणि फुकटपणाचा किती हे वेगळे करता येत नाही, हे कबूल. पण एक बारकावा लक्षात ठेवायला हवा : फुकट झाले ते पाठवणे. काढणे फुकट झाले नव्हते. म्हणून या महिन्यांत फोनमधला पैसा फोनमध्येच फिरत राहिला. भाजीवालीने घाऊकवाल्याला फोनवर दिले, त्याने शेतकऱ्याला. ज्या साखळीचा मी वर उल्लेख केला ती काही महिने जोडली गेली होती.

१ जानेवारी २०२१पासून आकार परत आला. १०० शिलिंगपर्यंत मात्र माफी राहिली. साखळीतली पहिली, सर्वांत लहान कडी तेवढी जोडलेली उरली.

तेच वर्ष ‘पोची ला बियाशारा’चे. पोची म्हणजे बटवा, बियाशारा म्हणजे धंदा. टिल घेण्याइतका पसारा नसलेल्यांसाठी, म्हणजे भाजीवाल्या, मोटारसायकलवाले, जुन्या कपड्यांचे विक्रेते यांच्यासाठी, त्यांच्याच नंबरावर धंद्याचा वेगळा कप्पा. घरखर्चाचे आणि धंद्याचे पैसे एकमेकांत मिसळत नाहीत ही एक सोय. विक्रेत्यांना जास्त भावली ती दुसरी. साध्या पाठवणीत चुकून गेलेले पैसे परत मागता येतात. पाठवणाऱ्याने आलेला मेसेज ४५६ या क्रमांकावर पुढे ढकलायचा. सोय चांगली, पण लबाडाच्या हाती तिचे शस्त्र झाले. गिऱ्हाईक माल घेते, पैसे पाठवते, विक्रेत्याला मेसेज दाखवते, कोपऱ्यापलीकडे जाते आणि ‘चुकून गेले’ म्हणून परत मागते. पोचीत आलेले पैसे असे विक्रेत्याला न विचारता परत जात नाहीत. भलत्याच फोनवरून हुबेहूब बनावट मेसेज धाडणाऱ्यांवर मात्र अजून एकच औषध आहे : मेसेजवर न जाता शिल्लक बघणे. गर्दीच्या वेळी, रेंज नसताना, हे दर गिऱ्हाईकामागे कोण करणार? तिथे नगद नारायणच बरा.

वहीत न दिसणारे गिऱ्हाईक

राहिला कर. दुकानदार याबद्दल परक्याशी बोलत नाही, म्हणून अहवालांतही तो कमीच दिसतो.

केनियात पैसे पाठवण्याच्या आकारावर २०१३मध्ये १० टक्के अबकारी कर बसला. २०१८मध्ये तो १२ झाला, २०२३मध्ये १५. हा सगळ्यांनाच लागतो. दुकानदाराची झोप उडवतो तो उलाढालीवरचा कर. २०२०पासून तो १ टक्का होता, २०२३मध्ये ३ झाला, आणि तो लागू होण्याची हद्द आहे वर्षाला १० लाख शिलिंग उलाढाल. भागाकार करून बघा : दिवसाला २,७४० शिलिंगची विक्री. बरे चाललेले कोणतेही दुका ही हद्द ओलांडते. शिवाय कर नफ्यावर नाही, विक्रीवर आहे. ज्या पिठाच्या पिशवीवर चार-पाच टक्के सुटतात तिच्यावरचे तीन टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त नफा.

गल्ल्यातली विक्री फक्त त्याला माहीत असते. टिलवरची विक्री तारीख-वेळेसह लिहिली जाते. म्हणून एक चमत्कारिक उलटी चाल दिसते : टिल असलेला दुकानदार गिऱ्हाईकाला सांगतो, टिलवर नको, माझ्या साध्या नंबरावर पाठव. पाठवायचे पैसे गिऱ्हाईकाला पडतात, ते कुरकुरते, मग दुकानदार किमतीत दोन-चार शिलिंग सोडतो. कंपनीच्या आकड्यांत हे एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे म्हणून मोजले जाते. धंदा फोनवर आहे, पण धंदा म्हणून नाही.

आणि त्याच नोंदींचा त्याला मोहही आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये एम-शवारी आले, फोनवरून मिळणारे महिन्याभराचे कर्ज, ७.५ टक्के आकाराने. जानेवारी २०१९मध्ये फुलिझा आले, शिल्लक कमी पडली तर व्यवहार पुरा करून देणारी उचल. किती कर्ज मिळणार हे फोनवरच्या व्यवहारांवरून ठरते. ज्याच्याकडे तारण नाही, बँकेत ओळख नाही, त्याला त्याच्या विक्रीची नोंद हीच पत. महिन्याला साडेसात टक्के म्हणजे सावकारी दर हे त्यालाही कळते. पण आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री माल भरायला पैसे हवे असतील तर दगडापेक्षा वीट मऊ. मग तो काय करतो? थोडी विक्री टिलवर दाखवतो, पत टिकण्यापुरती. बाकीची खणात.

त्या दुकानाकडे परत जाऊ. संध्याकाळी जाळी ओढून घेतल्यावर तो वही उघडतो. आज भरणारे चार, काढणारे एकोणीस. खणात नोटा थोड्या, फोनमध्ये भरपूर. साबणाच्या वितरकाची गाडी गुरुवारी येते आणि तो टिलवर पैसे घेतो. तेवढे फोनमध्ये बाजूला. पिठाचा माणूस परवा येतो, तो नोटाच मागतो. ते खणातून द्यावे तर उद्या पैसे काढायला येणाऱ्यांना काय द्यायचे? फोन उचलून तो पिठाच्या माणसाला लावतो आणि विचारतो, या खेपेला निम्मे तरी फोनवर घेशील का? काढायचा आकार मी देतो. पलीकडून थोडा वेळ काही ऐकू येत नाही. मग तो म्हणतो, आकार देणार असशील तर सगळेच पाठव.